गळ्यातला होकार

लोचनाबाई "हो" म्हणाली, आणि टेबलावरच्या यंत्रातून तिच्याच आवाजात "नाही" ऐकू आलं.

आंबेसरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात त्या वेळी सहा माणसं होती. लोचनाबाई, तिचे दोन भाऊ, खुर्चीवर निबंधक शबाना मुजावर, राजधानीतून यंत्र घेऊन आलेला तंत्रज्ञ कुलदीप आणि दस्त लिहून आणणाऱ्या वैजयंता शेटे.

दस्त साधाच होता, हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा बहीण भावांना सोडते, आणि तेही राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय. अठ्ठावीस वर्षांच्या दस्तलेखनात वैजयंतानं असे हजारभर कागद लिहिले असतील. भावांनी घेतलेली नवी साडी नेसून बाई यायची, अंगठा किंवा सही करायची, समोरच्या गाड्यावर भजी खायची आणि संध्याकाळच्या एसटीनं सासरी परत जायची. हिला कुणी विचारलं का, असं वैजयंताला दर वेळी वाटे. पण ते विचारणं दस्तलेखकाचं काम नव्हतं.

"पुन्हा विचारते," मुजावर मॅडम म्हणाल्या. "लोचनाबाई, तुमचा हिस्सा तुम्ही सोडताय का?"

"व्हय की. भाऊ म्हणत्याल तसं."

"नाही," यंत्र म्हणालं.

आवाज लोचनाबाईचाच होता, पण त्यात तिची घरघर नव्हती, दबकेपणा नव्हता. ती विशीत असताना अशी बोलत असेल असं वाटण्याजोगा स्वच्छ आवाज. तिनं गळ्याभोवतीच्या राखाडी पट्टीला हात लावला आणि मागं वळून पाहिलं.

"कोण बोललं?"

"तुम्हीच, बाई," कुलदीप म्हणाला.

थोरला भाऊ उठला. "ही काय जादू लावलीया? माझी भन माझ्यासमोर हो म्हनतीया!"

"दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत," मुजावर मॅडम शांतपणे म्हणाल्या. "जुळली नाहीत. दस्त नोंदवता येणार नाही."

भाऊ तणतणत बाहेर गेले. लोचनाबाई दारात थांबली आणि तिनं वैजयंताचे दोन्ही हात धरले. "अक्का, मला ठावंच नव्हतं गं," ती कुजबुजली. "मला नको हाय ते मला ठावंच नव्हतं."

वैजयंताच्या अंगावर काटा आला. आनंदाचाच असावा, असं तिला तेव्हा वाटलं.

दुपारी चहा पिताना कुलदीपनं पट्टी टेबलावर पसरून दाखवली. आतल्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढे सोळा धातूचे ठिपके होते.

"आपण मनात शब्द आणला की गळ्याचे स्नायू तो म्हणायची तयारी करतात. आवाज निघत नाही, ओठ हलत नाहीत, पण स्वरयंत्राभोवती विजेचा अगदी बारीक झटका उमटतो. लहान मुलं मनात वाचताना ओठ हलवतात ना? मोठेपणी आपण ओठ थांबवायला शिकतो. स्नायूंना थांबवायला कुणीच शिकत नाही. हे ठिपके तो झटका पकडतात, आणि यंत्र त्याला त्या माणसाचा आवाज देतं."

"पण ती तर हो म्हणाली," वैजयंता म्हणाली.

"'हो' नंतर आला. आधी 'नाही' आला होता, सेकंदाचा तिसरा हिस्सा आधी. मग तिनं तो दाबला. आम्ही लाखभर लोकांवर चाचणी घेतलीय, पहिला शब्द कुणालाच चुकवता येत नाही."

मुजावर मॅडम कप खाली ठेवत म्हणाल्या, "मग माणसाचा कुठला धरायचा? पहिला की दुसरा?"

कुलदीप हसला. "पहिला नैसर्गिक, मॅडम. दुसरा शिकवलेला."

राज्य सरकारनं तीन तालुक्यांत हा प्रयोग अध्यादेशानं सुरू केला होता. अंतःसंमती विधेयक अजून सभागृहापुढं यायचं होतं. त्याचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी प्रसिद्ध झाला तेव्हा वैजयंतानं तो तीनदा वाचला. पहिली आठ कलमं सरळ होती: तोंडाची आणि गळ्याची संमती जुळल्याशिवाय स्थावर मालमत्तेचा कुठलाही दस्त नोंदायचा नाही. नववं कलम वेगळं होतं. दोन्ही जुळली नाहीत तर गळ्याची संमती ग्राह्य धरायची; ती सिद्ध झाली की सहीची आवश्यकता नाही; आणि मालमत्तेच्या कुठल्याही सहमालकाला दुसऱ्या सहमालकाची चाचणी मागता येईल.

तिनं लोचनाबाईला डोळ्यांसमोर ठेवून विधेयकाच्या बाजूनं दोन पानी पत्र लिहिलं. सुंदर अक्षरात, मुद्देसूद. टपालात टाकण्याआधी मुजावर मॅडमना दाखवलं.

"नऊ नंबरचं कलम नीट वाचलंत?"

"वाचलं की. भावांना भिऊन हो म्हणणारी बाई सुटेल."

"आणि जी नाही म्हणते, ती?"

"नाही म्हणायला बाईला किती बळ लागतं मॅडम! आतून नको असल्याशिवाय कोण म्हणेल?"

मुजावर मॅडमनी पत्र घडी करून परत दिलं. वैजयंतानं ते त्याच दिवशी टपालात टाकलं.

दिवाळीनंतर नववं कलमही प्रयोगात आलं.

कार्यालयाची बाहेरची खोली बदलली. पूर्वी तिथं भांडणं चालत, लहान पोरं रडत, एजंट हाका मारत. आता बाकावर दहा-बारा माणसं गळ्यात पट्ट्या बांधून ओळीनं बसलेली असत. यंत्राला प्रत्येकाचा गळा ओळखीचा व्हावा म्हणून त्यांना हातातला छापील उतारा मनात वाचायला लावत. सगळ्यांची तोंडं मिटलेली, आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून दहा जणांचा एकत्र पुटपुटाट येत असे. मध्येच कुणाचं मन उताऱ्यावरून घसरलं की त्या पुटपुटाटातून एखादा सुटा शब्द वर येई. "पाणी." "मेला का." "आई." मग बाकावरची सगळी माणसं एकमेकांकडे न पाहता आणखी जोरात वाचू लागत. मनातल्या मनात.

एका सोमवारी नलवडे गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, शाळेमागं त्यांचा एक मोकळा प्लॉट होता. तो मुलाच्या आणि त्यांच्या नावावर होता, आणि मुलानं चाचणी मागितली होती.

"प्लॉट विकायचा आहे का?"

"नाही," गुरुजी ठणठणीतपणे म्हणाले. वर्गात हजेरी घेताना म्हणत असतील तसे.

"हो," यंत्र म्हणालं. "एकदाचा."

तीनदा विचारून चार मिनिटांत नोंदणी झाली. गुरुजी बाकावर बसूनच राहिले. शेवटी वैजयंतानं त्यांना पाणी दिलं.

"मी सही कुठं केली?" त्यांनी विचारलं.

"सही लागत नाही आता, गुरुजी."

"अस्सं." त्यांनी पाणी प्यायलं. दाराशी जाऊन वळले. "बाई, त्यांच्याकडे माझा आवाज राहिलाय. तो परत मिळेल का हो?"

त्या हिवाळ्यात आंबेसरच्या माणसांना नवीनच सवय लागली. काही विचारलं की ती उत्तर देण्याआधी थांबत. क्षणभरच, पण थांबत. बोटं गळ्यापाशी जात. थंडी नसतानाही लोक मफलर गुंडाळू लागले. एका लग्नात मुलाकडच्यांनी बोहल्याआधी मुलीला पट्टी बांधायची मागणी केली, मुलीकडच्यांनी मुलाला. लग्न मोडलं आणि दोन्ही घरांनी कुणाच्या गळ्यातून काय आलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

वैजयंताला मात्र काळजी नव्हती. तिला वाटे, आपलं आत-बाहेर एकच आहे.

बसस्थानकाच्या कोपऱ्यावर तिच्या वडिलांचं मिरची कांडप यंत्र होतं. खाली पत्र्याची शेड, वर दोन खोल्या. मार्च उजाडला की वीस गावांच्या बाया वाळवलेल्या मिरच्यांची पोती घेऊन येत आणि मेपर्यंत शेडमध्ये लाल धुरळा उडत राही. वडील, त्यांना सगळे आप्पा म्हणत, अंथरुणाला खिळल्यावर सहा वर्षं वैजयंतानं त्यांना वरच्या खोलीत सांभाळलं होतं. लग्नाचं वय त्याच्या किती तरी आधी सरलं होतं. आप्पांना जाऊन दोन वर्षं झाली तरी ती तिथंच राहत होती. सकाळी दस्त, हंगामात दुपारनंतर कांडप. तिचा खोकला बसस्थानकापर्यंत ऐकू येई.

जागा दोघांच्या नावावर होती, तिच्या आणि धाकट्या भावाच्या. राजशेखर पुण्यात गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. वाईट माणूस नव्हता. महिन्यातून एकदा येई, येताना तिच्यासाठी खोकल्याचं औषध आणि पातळ दशम्या आणी.

जानेवारीत आला तेव्हा त्यानं विषय काढला. "अक्का, जागेला चांगलं गिऱ्हाईक आलंय. तुला नव्या वसाहतीत फ्लॅट घेऊ. लिफ्ट आहे, हवा आहे."

"नको."

"का नको?"

वैजयंतानं थोडा विचार केला. "मला सांगता नाही येणार. नको, एवढं खरं."

"खाली तो ठसका, वर तू एकटी. फोनवर तुझा खोकला ऐकवत नाही मला."

"राजू, नको म्हटलं ना."

तो बराच वेळ ताटातली भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "मी चाचणी मागतो. रागावू नकोस. यंत्रानं नाही म्हटलं तर आयुष्यात परत हा विषय काढणार नाही. शपथ."

"माग की," ती हसून म्हणाली. "मी कुठं भितेय?"

चाचणी गुरुवारी सकाळी अकराला होती. मुजावर मॅडमनी स्वतः तिच्या गळ्याला पट्टी बांधली. ठिपके गार होते. बांधताना त्या हळूच म्हणाल्या, "अजून तब्येतीचं कारण देऊन पुढची तारीख मागता येईल."

"कशाला? होऊन जाऊ दे."

तिनं उतारा मनात वाचला आणि स्पीकरमधून आपला आवाज ऐकला. बी. कॉम.च्या वर्गात उभी राहून वाचणाऱ्या मुलीचा आवाज. कसलीच खरखर नाही, खोकला नाही. या मुलीला आपण किती वर्षांत भेटलो नाही, असं तिच्या मनात आलं. लगेच स्पीकर म्हणाला, "किती वर्षांत." तिनं घाबरून उताऱ्यावर नजर खिळवली.

"वैजयंता महालिंग शेटे, सदर मिळकतीतला आपला हिस्सा विकायला तुमची संमती आहे का?"

"नाही."

"हो," ती मुलगी म्हणाली.

राजशेखरनं मान वर केली. वैजयंता खुर्चीत ताठ झाली.

"नियमाप्रमाणे तीनदा विचारावं लागतं," मुजावर मॅडमचा स्वर कोरडा होता. "संमती आहे का?"

"नाही. माझी नाही."

"हो."

"शेवटचं विचारते."

वैजयंतानं दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे पकडले. तिनं मनात 'नाही, नाही' असा जपच सुरू केला. तो तिला स्वतःला स्पष्ट ऐकू येत होता. पण प्रश्न कानावर पडला आणि त्या जपाच्या खालून, जिथं तिचा हात पोहोचत नव्हता अशा कुठल्या तरी जागेतून, काही तरी वर सरकलं. गळ्यात काही हलल्याचं तिला जाणवलंही नाही.

"हो," मुलगी म्हणाली. "सोडवा मला."

तिचं तोंडातलं "नाही" त्यानंतर आलं. उशिरा आलेल्या माणसासारखं ते खोलीत उभं राहिलं, आणि त्याला कुणी बसायला सांगितलं नाही.

राजशेखर रडत होता. त्यानं तिला मिठी मारली. "अक्का, एवढं होतं तर बोलली का नाहीस गं? किती वर्षं आत ठेवलंस?"

त्याच्या खांद्यावरून तिला मुजावर मॅडम दिसत होत्या. त्या नोंदणीचा शिक्का हातात धरून बसल्या होत्या, आणि शिपायानं दोनदा आठवण केल्यावर त्यांनी तो उठवला.

नव्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. पूर्वेला गच्ची, खाली कडुनिंब. तिसऱ्या आठवड्यात तिचा खोकला थांबला. सहा वर्षं आप्पांच्या हाकेसाठी आणि नंतर दोन वर्षं उगाचच, ती पहाटे साडेचारला दचकून उठत आली होती. आता सातपर्यंत झोप लागू लागली. वजन वाढलं. शेजारणी म्हणत, "अक्का, चेहरा किती उजळला तुमचा!"

राजशेखर दर रविवारी फोन करी. "बरं वाटतंय ना?"

"बरं वाटतंय," ती म्हणे, आणि ते खरं होतं.

तिला तेच भयंकर वाटे. तिनं हरकत घ्यायची म्हणून तीनदा कागद पुढं ओढला आणि तीनदा दूर सारला. काय लिहायचं? माझ्या इच्छेविरुद्ध मला सुखात ठेवलं? जी 'नाही' म्हणाली होती ती बाई कुठं गेली, ते तिला कळेना. तिनं स्वतःमध्ये पुष्कळ शोधलं. हाक मारली की उत्तर दुसरीच देई.

एकदा भाजीवाल्यानं विचारलं, "मेथी देऊ का?" वैजयंता पिशवी धरून उभी राहिली. आत काय येतंय ते ऐकत. भाजीवाल्यानं दोनदा विचारलं. मागच्या बाईनं मेथी घेतली, पुढच्या माणसानं घेतली, आणि वैजयंता काही न घेता घरी आली. त्या दिवशी तिनं दार लावून घेतलं, आरशासमोर उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "मेथी पाहिजे होती मला." तोंड हललं, आवाज आला, पण तो आपला की शिकवलेला, ते ठरवता येईना.

जुलैमध्ये पत्र आलं. विधेयकावर नेमलेली दोन्ही सभागृहांची समिती जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणी घेणार होती. 'समर्थक व लाभार्थी' या यादीत श्रीमती वैजयंता शेटे यांचं नाव होतं. तिचं दोन पानी पत्र फाइलला होतं आणि तिची स्वतःची चाचणीही. एकाच माणसाकडे दोन्ही असलेलं उदाहरण बहुधा दुसरं नसावं.

राजशेखर खास रजा काढून आला आणि तिला गाडीतून घेऊन गेला. "छान बोल," तो म्हणाला. "तुझ्यामुळे कितीतरी बायकांचं भलं होईल."

नियोजन भवनाच्या सभागृहात लांब टेबलामागं अकरा सदस्य होते. मध्यभागी अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे, अदबीनं बोलणारे. प्रायोगिक तालुक्यांचे निबंधक पहिल्या रांगेत होते. त्यांत मुजावर मॅडम होत्या. साक्षीदाराच्या खुर्चीपुढं माइक होता आणि माइकशेजारी राखाडी पट्टी.

"हे कशाला?" वैजयंतानं विचारलं.

"प्रत्येकच साक्षीला वापरतोय," अध्यक्ष म्हणाले. "लोक कुणाच्या सांगण्यावरून बोलतात. आम्हाला तुमचं खरं मत हवंय."

तिनं पट्टी बांधून घेतली. न बांधता बोललेलं ग्राह्य धरत नाहीत, असं शेजारच्या कारकुनानं तेवढ्यात सांगितलं होतं.

"मी हे पत्र लिहिलं तेव्हा विधेयकाच्या बाजूनं होते," ती म्हणाली. "आज विरोधात आहे. माझ्यावर अन्याय झाला."

"बरं झालं," स्पीकरमधली मुलगी म्हणाली.

सभागृहात बारीकशी हालचाल झाली. एक सदस्य गालातल्या गालात हसला. वैजयंतानं स्पीकरकडे पाहिलं, दारात आगंतुक उभा दिसावा तसं.

"खोटं नाही बोलत ती," वैजयंता म्हणाली. "बरंच झालं. मला झोप लागते. खोकला गेला. तिला सुटायचं होतं, ती सुटली."

"मग हरकत कशाला आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब, माझे वडील सहा वर्षं अंथरुणावर होते. शेवटची दोन वर्षं त्यांना गिळता येत नव्हतं. एकेक घास भरवायला पाऊण तास लागे. मी चमचा त्यांच्या ओठांपाशी धरून बसे, आणि तेव्हा आत रोज एकच शब्द यायचा."

ती थांबली. तिनं तो शब्द उच्चारला नाही.

"मरा," मुलगी म्हणाली.

मागच्या रांगेत राजशेखर उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला.

"हाच शब्द," वैजयंता म्हणाली. "रोज. दोन वर्षं. तेव्हा माझ्या गळ्यात ही पट्टी असती, आणि तुमचा हा कायदा असता, तर तुम्ही काय लिहिलं असतं? मुलीची संमती आहे, म्हणून? आणि मी काय करत होते, माहितीय? पुढचा चमचा भरत होते. आत जे यायचं ते मला कुणी विचारून येत नव्हतं. चमचा मी भरत होते. तुम्ही म्हणता आतली खरी. असेल. ती माझ्यातच राहते, मी तिला हाकलत नाही. पण घर तिच्या नावावर नव्हतं. घर माझ्या नावावर होतं."

"जाऊ दे," मुलगी म्हणाली. "दमले मी."

"तू गप्प बस," वैजयंता म्हणाली. "मी बोलतेय."

मुलगी खरोखरच गप्प झाली. स्पीकरमधून फक्त एक मंद सूं सूं येत राहिली, कुणी अगदी जवळ श्वास धरून ऐकत असल्यासारखी.

"लोचनाबाईच्या दस्ताला तुम्ही थांबवलंत ते चांगलं केलंत," वैजयंता पुढं म्हणाली. "तिला थांबायला जागा दिलीत. विचार करून ये म्हणालात. तेवढंच करा. दोन्ही जुळत नसतील तर कागद बाजूला ठेवा, माणसाला घरी पाठवा. पण माणूस समोर बसून नाही म्हणत असताना त्याच्या गळ्यातून हो काढून घेऊ नका. ती चोरी आहे."

अध्यक्षांनी आभार मानले. कारकुनानं छापील पान तिच्यापुढं ठेवलं. यंत्रानंच ते तयार केलं होतं. तिच्या तोंडच्या वाक्यांखाली गळ्यातले शब्द वेगळ्या ठशात, आणि शेवटी एक ओळ: 'साक्षीदाराचं तोंडी मत प्रतिकूल. अंतःसंमती अनुकूल. साक्ष अनुकूल म्हणून ग्राह्य.'

तिनं ते दोनदा वाचलं. तिच्या सगळ्या विरोधाचा विधेयकाला पाठिंबा म्हणून हिशेब लागला होता.

"सही कुठं करायची?" तिनं विचारलं.

"सही लागत नाही, मॅडम."

वैजयंतानं पट्टी सोडून टेबलावर ठेवली. पर्समधून पेन काढलं. अठ्ठावीस वर्षं ज्या अक्षरात तिनं दुसऱ्यांचे दस्त लिहिले होते त्याच अक्षरात, छापील ओळीखालच्या कोऱ्या जागेत तिनं लिहिलं: 'वरील मजकूर मी वाचला. तो खरा असला तरी मला मान्य नाही. या विधेयकाला माझा विरोध आहे.' खाली पूर्ण नाव, तारीख, सही.

"याला अर्थ नाही हो," कारकून खालच्या आवाजात म्हणाला.

"दस्ताला दोन साक्षीदार लागतात," ती म्हणाली. "दोन असले की तो कागद असतो. फाइलमधून काढून टाकता येत नाही."

पहिल्या रांगेतून मुजावर मॅडम उठल्या. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, आपण शासकीय अधिकारी आहात."

"होय सर. या बाईंनी माझ्यासमोर सही केली, एवढंच मी लिहिणार आहे. ते खरं आहे." त्यांनी वाकून सही केली, आणि सवयीनं हुद्दाही लिहिला. मग तो खोडला आणि तिथं घरचा पत्ता लिहिला.

एक जागा रिकामी राहिली. वैजयंता कुणाकडे वळली नाही. पेन कागदावर आडवं ठेवून ती थांबली. सदस्य कागद चाळू लागले होते. पुढच्या साक्षीदाराचं नाव पुकारलं गेलं.

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. राजशेखर मधल्या वाटेनं पुढं आला. त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही. कागदावरचं तिचं अक्षर वाचलं, सगळं वाचलं, 'मरा' हा वेगळ्या ठशातला शब्दसुद्धा. मग त्यानं पेन उचललं.

"आधी पट्टी बांधा," कारकून म्हणाला.

राजशेखर थबकला. सगळं सभागृह त्याच्या गळ्याकडे पाहत होतं. त्याच्या गळ्याची घाटी एकदा वर गेली, खाली आली.

"आत काय आहे ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी सही करतोय."

आणि त्यानं केली.